कच्ची वही

त्या मंगळवारी सकाळी आई स्वयंपाकघरातल्या टेबलाशी दोन वह्या उघडून बसली होती. एक निळ्या पुठ्ठ्याची, हॉस्पिटलने दिलेली, छापील रकान्यांची. दुसरी पाठकोऱ्या कागदांची, तिने स्वतः दोऱ्याने शिवलेली. शेजारी पट्टी, काळं पेन, लाल पेन आणि चष्म्याचं घर. मी उभ्याउभ्याच टोस्ट खात होते.

"दोन कशाला?" मी विचारलं.

"एक कच्ची, एक पक्की. पहिल्या फटक्यात पक्क्यात लिहायला मी काय तुमची डॉक्टर आहे?"

"आई, त्यात नुसता आकडा लिहायचा असतो. किती दम लागला, शून्य ते दहा. त्याला कच्चं काय नि पक्कं काय!"

"छत्तीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासली मी. सगळ्यात जास्त चुका आकड्यांतच असतात, बाईसाहेब."

मी हसले आणि हात धुतले. ती म्हणाली, "पाच मिनिटं बसतेस का?"

"आज तपासणी आहे ना, आई. महिनाभर सांगतेय."

"हो हो, तुझे पाहुणे. जा तू. संध्याकाळी सांगते."

दारापर्यंत ती आली नाही. एरवी यायची, मी जिन्याच्या पहिल्या वळणावर पोचेपर्यंत उभी राहायची आणि मग न चुकता विचारायची, "किल्ली घेतलीस?" त्या दिवशी बसल्या जागेवरूनच विचारलं. मला वाटलं, वहीत गुंतली आहे.

माझं काम आईखेरीज कुणाला फारसं कळलं नाही. नातेवाइकांना मी 'हॉस्पिटलमध्ये आहे' एवढंच माहीत. डॉक्टर नाही, नर्स नाही, म्हणजे मग नक्की काय, असं विचारून ते उत्तराआधीच विषय बदलतात. खरं तर गोष्ट साधी आहे. मोठ्या हॉस्पिटलात डॉक्टरांना रोज प्रश्न पडतात. एका आजाराची जुनी गोळी दुसऱ्या आजारात चालेल का? औषध नवं असेल तर त्याची कंपनी माणसं, यंत्रं, कागद सगळं घेऊन दारात उभी राहते. जुन्या, स्वस्त गोळीसाठी कुणी येत नाही. प्रश्न डॉक्टरांच्या डोक्यातच राहतो आणि त्यांच्याबरोबर निवृत्त होतो. कारण चाचणी घ्यायची म्हणजे नीतिसमितीची परवानगी हवी, पेशंटला समजेल असं माहितीपत्रक हवं, खरी गोळी कुणाला आणि तशीच दिसणारी खोटी कुणाला हे ठरवणारी सोडत हवी, वह्या हव्यात, त्या वह्या तपासणारं माणूस हवं. दिवसाला शंभर पेशंट पाहणारा डॉक्टर हे कधी करणार? ते करून देणारा कक्ष उभा करायचं काम माझ्याकडे आलं होतं.

जागा मिळाली तळघरात. एक्स-रेच्या फिल्म ठेवायची जुनी खोली. भिंतीवर फिल्म वाळत घालायच्या हुकांची रांग तशीच होती, तिच्यावर आम्ही छत्र्या आणि पिशव्या अडकवायचो. चार टेबलं, पोलादी कपाट, आणि दारावर मी स्वतः चिकटवलेला कागद: संशोधन सहाय्य कक्ष. आई पहिल्यांदा आली तेव्हा उंबऱ्यातच थांबली.

"साहाय्य," ती म्हणाली. "पाटीवरच चूक! आत काय दिवे लावले असतील?"

आमच्याकडे आलेली पहिली चाचणी छातीच्या डॉक्टरांची होती. फुफ्फुसं हळूहळू कडक होत जाण्याचा एक आजार आहे. त्यावर सांधेदुखीची एक जुनी गोळी उपयोगी पडते की नाही, हे त्यांना पाहायचं होतं. अकरा वर्षं हा प्रश्न ते उराशी धरून होते. तो आजार आईलाही होता, दोन वर्षांपासून, आणि ती त्यांचीच पेशंट होती. मी हे दोन धागे एकत्र आणले नव्हते असं म्हटलं तर ते खोटं होईल. आणले होते. आणून तसेच सोडून दिले होते.

माहितीपत्रकाचा मसुदा मी घरी आणला. आईने लाल पेन उघडलं आणि मोठ्याने वाचायला लागली. "'आपण सदर चाचणीमध्ये सहभागी न होण्याचा निर्णय घेतल्यास आपल्या नियमित उपचारांवर त्याचा कोणताही विपरीत परिणाम...'" मध्येच थांबून तिने श्वास घेतला. "अगं, फुफ्फुसाच्या पेशंटला असलं वाक्य देता? पूर्णविरामापर्यंत पोचला तर तो ठणठणीत आहे, घरी पाठवा त्याला."

तिने ते वाक्य आडवं कापलं आणि समासात लिहिलं: नाही म्हणालात तरी चालेल. तुमचे उपचार आहेत तसेच चालू राहतील. कुणी रागावणार नाही.

समितीने पहिली दोन वाक्यं ठेवली आणि तिसरं काढलं. 'रागावणे' हा शब्द त्यांना कागदपत्रात शोभणारा वाटला नाही. मी आईला तसं सांगितलं तेव्हा ती चिडली. "तेच तर ठेवायचं होतं! उपचार गेले खड्ड्यात. माणसाला भीती असते ती कुणीतरी रागावेल याची."

व्यवस्थापनाने आम्हाला एक वर्ष दिलं होतं. वर्षात चाळीस पेशंट आले तर कक्ष पुढे चालू, नाहीतर खोली परत आणि आम्ही चौघं पुन्हा आपापल्या जुन्या टेबलांवर. दहाव्या महिन्यात गाडी एकोणचाळीसवर अडकली. कुणी आजाराच्या व्याख्येत बसत नव्हतं, कुणी लांब राहायचं, कुणाला खोटी गोळी मिळेल या विचारानेच घाम फुटायचा. रोज जेवताना मी तेच दळण दळायचे. एक कमी आहे, आई. एकच. सात आठवडे राहिले. सहा राहिले. ती ऐकून घ्यायची आणि माझ्या ताटात वाढायची.

मग एका शनिवारी कपडे घड्या करता करता ती म्हणाली, "मी विचारलं तुझ्या डॉक्टरांना. मला घेतात म्हणे."

माझ्या हातात उशीचा अभ्रा होता. मला आनंद झाला. चाळीस झाले, हा पहिला विचार आला. आई, हा दुसरा. त्यांच्यामध्ये किती वेळ गेला असेल ते मी नंतर बरेचदा मोजायचा प्रयत्न केला आहे.

"तू नीट वाचलंस ना सगळं?" मी विचारलं.

"मीच लिहिलंय गं ते," ती म्हणाली.

त्याबद्दलचा नियमही होता आणि तो मीच लिहिला होता. कक्षातल्या कुणाचं जवळचं माणूस चाचणीत आलं, तर त्या कर्मचाऱ्याने संमतीच्या वेळी खोलीत थांबायचं नाही, त्या माणसाचे कागद बघायचे नाहीत आणि घरी त्याबद्दल बोलायचं नाही. दबाव येऊ नये म्हणून. मी तो काटेकोरपणे पाळला. आई संमतीच्या खोलीत सिस्टरबरोबर बसली होती तेव्हा मी कॅन्टीनमध्ये जाऊन गार होईपर्यंत चहा पुढ्यात ठेवून बसले. पाऊण तासाने ती बाहेर आली, शाई लागल्यासारखा अंगठा माझ्यासमोर नाचवला आणि म्हणाली, "झाला तुझा चाळिसावा."

घरीही आम्ही पथ्य पाळलं. तिने त्याला 'पडदा' नाव दिलं होतं. बाटली, वही, तपासणीच्या तारखा हे सगळं पडद्यामागे. मी चुकून वहीकडे पाहिलं तर ती पाटी झाकणाऱ्या शाळकरी मुलीसारखी हात आडवा धरायची. पडद्याअलीकडे मात्र आमच्या कार्यालयातली माणसं तिला तोंडपाठ होती. वह्यांतले आकडे तपासून प्रत्येक गोष्टीवर प्रश्न काढणारा आमचा सहकारी होता, त्याला तिने 'शंकेखोर' म्हणायला सुरुवात केली. महिन्याभरात सगळा कक्ष त्याला तेच म्हणायला लागला, आणि त्यालाही ते आवडलं.

आई चाचणीत आल्याला वर्ष होत आलं होतं, तर त्या मंगळवारी तपासणी होती. कक्ष पुढची पाच वर्षं चालवायचा की नाही, हे ठरवायला बाहेरून एक तपासनीस बाई आल्या होत्या. उंच, कमी बोलणाऱ्या. चष्मा कपाळावर सारून त्या फायलींच्या रांगेवरून बोट फिरवत गेल्या आणि एकीवर टकटक केलं. "ही द्या."

चाळीस नंबर. शंकेखोराने माझ्याकडे पाहिलं. मी नियम सांगितला आणि बाहेर जाऊन उभी राहिले. दार पुरतं लागत नाही ते. आतून पानं उलटल्याचा आवाज येत होता, मग बाईंचा.

"ही रोजची डायरी पेशंट स्वतः लिहितात?"

"हो, मॅडम. दर भेटीला आम्ही झेरॉक्स काढून ठेवतो."

"मी इतकी स्वच्छ डायरी पाहिलेली नाही. एक दिवस सुटला नाही, एक खाडाखोड नाही. बाकीच्यांना नमुना म्हणून दाखवा."

दुपारी जाताना त्यांनी माझ्याशी हात मिळवला. त्या हातातच आम्हाला उत्तर कळलं. शंकेखोराने सगळ्यांना बिस्किटं वाटली.

मी उड्या मारतच घरी गेले. आई खिडकीशी खुर्चीत बसली होती, दिवा लावलेला नव्हता. मी दिवा लावला, तिच्यासमोर बसले, आणि पडदा जरासा बाजूला सारला.

"नाव सांगता येत नाही, पण एका पेशंटच्या डायरीचं आज फार कौतुक झालं. नमुना म्हणून दाखवा म्हणाल्या."

ती हसली. "खाडाखोड नसेल तिच्यात."

"एकही नाही."

"मग झालं तर." तिने मान खुर्चीला टेकली. "राहिला ना तुझा कक्ष?"

"राहिला, आई. पाच वर्षं."

"आता ती पाटी बदल," ती म्हणाली.

सकाळी ती काहीतरी सांगणार होती हे मला आठवलं नाही. जेवण झालं, मी भांडी घासली, आणि ती लवकर झोपायला गेली.

बुधवारी सकाळी चहा घेऊन गेले तर ती पलंगाच्या कडेला बसली होती. दोन्ही हात गुडघ्यांवर, खांदे वर ओढलेले, ओठ जांभळट. बोलता येत नव्हतं. मला पाहून तिने एक बोट वर केलं. थांब, एक मिनिट, असं. फोनवर दुसरं माणूस असलं की करतो तसं.

अतिदक्षता विभागात डॉक्टर तिच्याजवळ तासभर होते. मग बाहेर येऊन माझ्या शेजारच्या बाकावर बसले. हे त्यांनी आधी कधी केलं नव्हतं.

"आजार एकदम उसळलाय," ते म्हणाले. "असं होतं यात. आम्ही सगळं देतोय."

मी मान हलवली.

"एक विचारतो. त्यांचा लखोटा फोडायचा का?"

प्रत्येक पेशंटच्या नावाने आमच्या कपाटात एक बंद लखोटा असतो. गोळी खरी होती की खोटी, ते आत लिहिलेलं. जिवावर बेतलं आणि उपचार त्यावर अवलंबून असतील, तरच तो फोडायचा.

"उपचारात फरक पडेल?" मी विचारलं. माझा आवाज मला ऐकू आला. कार्यालयातला होता.

"नाही. खरी असो की खोटी, आता करायचं तेच करतोय."

"मग नाही फोडायचा."

"बरोबर आहे," ते म्हणाले, आणि उठून पुन्हा आत गेले.

दुपारी तिला भेटायची वेळ संपल्यावर मी तळघरात गेले. कक्षात कुणी नव्हतं. कपाटाची किल्ली माझ्याच पिशवीत होती. चाळीस नंबरचा लखोटा काढला आणि छताजवळच्या झरोक्याशी नेऊन उजेडाला धरला. काही दिसलं नाही. आतून चंदेरी कागद लावलेला होता. पहिल्या नमुन्याचे लखोटे पातळ होते, आरपार दिसायचं. चंदेरी अस्तराचे पाठवा म्हणून मीच तीनदा पत्रं लिहिली होती.

लखोटा परत ठेवला. किल्ली फिरवली.

गुरुवारी सकाळी साडेदहाला आई गेली. घशात श्वासाची नळी असल्यामुळे शेवटचा दिवसभर ती बोललीच नाही. मी तिचा हात धरून होते आणि मनात शब्द जुळवत होते. जुळले नाहीत. कशाकशाबद्दल बोलता येतं याची यादी आमच्या घरात वर्षभर इतकी नीट पाळली गेली होती की ऐनवेळी मला तिच्याबाहेर पाऊल टाकता आलं नाही. मी म्हणाले, "आई, मी आहे इथे." तेवढंच.

सगळं उरकल्यावर दहाव्या दिवशी मी कामावर गेले. दुसरं काय करणार? घरात तिची खुर्ची होती आणि कार्यालयात हुकांवर छत्र्या होत्या. छत्र्या बऱ्या.

दुपारी शंकेखोर माझ्या टेबलापाशी आला आणि नुसताच उभा राहिला.

"बोल," मी म्हणाले.

"ताई, राहू दे. नंतर विचारतो."

"शंका आहे ना? शंका विचारणं तुझं काम आहे."

त्याने कागदाकडे पाहतच सांगितलं, "चाळीस नंबरची... म्हणजे मावशींची... शेवटच्या भेटीनंतरची डायरी जमा नाही झालेली. अठरा दिवसांची. मूळ वही घरी असेल. घाई नाही. मी सहा महिन्यांनी विचारलं तरी चालेल."

"उद्या आणते," मी म्हणाले.

दोन्ही वह्या टेबलाच्या खणात होत्या, एकावर एक, वर लाल पेन. चाचणीतलं माणूस गेल्यावर नातेवाइकाने वही शोधून द्यायची असते, तेव्हा पडदा आता उरलाच नव्हता. मी निळी उघडली. दमाचा आकडा: पाच, पाच, सहा, पाच. एका सरळ रेषेत, छापल्यासारखे. शेवटचा मंगळवार: पाच.

मग शिवलेली उघडली.

प्रुफात एखादा शब्द वगळायचा असला की त्यावर एक रेघ मारून तिला शेपटीसारखा वेटोळा फाटा देतात. लहानपणी मला ती गोगलगाय वाटायची. आईच्या प्रुफांवरच्या गोगलगाई मोजणं हा माझा आवडता खेळ होता. कच्च्या वहीत पहिल्या काही महिन्यांत त्या क्वचितच होत्या, पंधरवड्यात एखादी. सहावर गोगलगाय, समासात पाच. शेवटच्या सोळा दिवसांत त्या प्रत्येक ओळीवर होत्या. सात, समासात पाच. आठ, समासात पाच. आठ, समासात सहा. आठ. आठ. नऊ.

सात किंवा त्याहून जास्त आकडा लागोपाठ तीन दिवस आला, तर त्याच दिवशी सिस्टरला फोन करायचा. तसं निळ्या वहीच्या पहिल्याच पानावर ठळक छापलेलं आहे. डॉक्टर तपासतात, चाचणीतून काढतात, दाखल करून घेतात. हा नियम आईला पाठ होता. त्याची प्रुफं तिनेच पाहिली होती.

शेवटच्या मंगळवारी तिने लिहिलं होतं: नऊ. खाली एक ओळ. आज हिला सांगावं. त्या ओळीवर लगेच गोगलगाय आली नव्हती. पुढे वेगळ्या शाईने, म्हणजे नंतर कधी तरी, जोडलेलं होतं: पाहुणे जाऊ देत. आणि त्याच्याही पुढे तिसऱ्यांदा पेन टेकवून सबंध ओळ वगळली होती. ही शेवटची गोगलगाय वेडीवाकडी होती. मंगळवारी संध्याकाळचीच असणार. ती लवकर झोपायला गेली ना, मी भांडी घासत होते, तेव्हाची.

मी वही मिटली आणि नळ गळत होता तो बंद करून आले.

आमच्या कामात एक गोष्ट मी प्रत्येक नव्या माणसाला पहिल्या दिवशी शिकवते. जे पहिल्यांदा लिहिलं गेलं, ते खरं. मग ते हातरुमालावर लिहिलेलं असो. नंतर उतरवलेलं कितीही सुवाच्य असलं तरी ती नक्कल. आईचं सगळं आयुष्य उलट्या दिशेने गेलं होतं. छापखान्यात कच्चं ते टाकायचं असतं, आणि शेवटी शुद्ध होऊन जे छापलं जातं तेच खरं. तिला कुणीतरी हा फरक सांगायला हवा होता. दोन वह्या दिसल्या त्या दिवशी मी सांगू शकले असते, टोस्ट खाता खाता. पण मी नियम पाळत होते, आणि मला उशीर होत होता.

दुसऱ्या दिवशी मी दोन्ही वह्या घेऊन डॉक्टरांकडे गेले. त्यांनी कच्ची वही पहिल्या पानापासून वाचली. मध्ये फोन वाजला तो त्यांनी उचलला नाही.

"शेवटच्या भेटीला आल्या तेव्हा चाल बरी होती," ते शेवटी म्हणाले. "नंतर बिघडलं. बसून असल्या की बोटाला लावायच्या ऑक्सिजनच्या यंत्रावर आकडा बरा येणार. दम चालल्यावर लागायचा."

"माझ्यासमोर ती चालायचीच बंद झाली होती," मी म्हणाले. "माझ्या लक्षात नाही आलं."

त्यांनी वहीचं शेवटचं पान पुन्हा उघडलं.

"वेळेवर कळलं असतं तर?"

"खरं सांगू? माहीत नाही. कदाचित एक वर्ष मिळालं असतं. कदाचित चार दिवस. कदाचित काहीच नाही." त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "आणि गोळी खरी होती की खोटी हे कळायला अजून दोन वर्षं. तोवर मलाही नाही, तुम्हालाही नाही."

"ही मूळ नोंद धरावी लागेल," मी म्हणाले. "निळी वही नक्कल आहे. सोळा दिवसांचे आकडे बदलतील. आधीचेही काही."

"तुम्ही हे आणलं नसतं तर कुणाला कळलं नसतं."

"हो."

"ज्या डायरीचं कौतुक झालं, तीच ना ही?"

"तीच."

"का केलं असेल त्यांनी?" त्यांनी विचारलं, आणि माझ्याकडे बघितल्यावर त्यांना उत्तर मिळालं असावं, कारण ते घाईघाईने म्हणाले, "बरं. सिस्टरकडे द्या, फायलीत लावू दे."

सिस्टर संमतीच्या खोलीत असतात. मी गेले तेव्हा त्या दारातून बाहेरच पडत होत्या. माझ्या हातातली शिवलेली वही त्यांनी ओळखली नाही, पण ती मी ज्या तऱ्हेने धरली होती त्यावरून काहीतरी ओळखलं.

"ताई, बसा आत. अकराला एक आजोबा यायचेत, त्यांच्या मुलीबरोबर. मी रक्ताच्या बाटल्या पोचवून आलेच."

या खोलीचं सगळं सामान मी निवडलेलं आहे. गोल टेबल, कारण चौकोनी टेबलाला समोरासमोर बसलं की कोर्टात आल्यासारखं वाटतं. पाण्याचा तांब्या. खिडकीबाहेर रुग्णवाहिका लागतात, म्हणून दुधी काच. दोन खुर्च्या, एक पेशंटची, एक सिस्टरची. आणि भिंतीशी तिसरी, नातेवाइकासाठी. त्या तिसऱ्या खुर्चीवर मी कधी बसले नव्हते.

मी बसले. वही मांडीवर ठेवली. टेबलावर आजोबांसाठी माहितीपत्रक तयार होतं, सहीच्या जागी पेन ठेवलेलं. दुसऱ्या पानावर मध्यावर आईची दोन वाक्यं होती. इथून ती मला वाचता येत होती, न वाचताही येत होती. त्यांच्यानंतर थोडी मोकळी जागा आहे. समितीने तिसरं वाक्य काढल्यावर ओळ पुन्हा जुळवायची राहून गेली, आणि मुळात ही चूक दाखवणारं एकच माणूस होतं.

बाहेरून कुणीतरी चालत येत होतं, काठी टेकत, थांबत थांबत. त्याच्याबरोबर एका बाईचा आवाज होता. "सावकाश, बाबा, आपल्याला कसली घाई?"

मी पेशंटच्या खुर्चीकडे वळले. तिच्या पाठीवर आईचा स्वेटर लोंबत असता तर बरं झालं असतं. नुसती खुर्ची होती.

"आई," मी म्हणाले. आवाज बाहेर जाईल एवढा मोठा निघाला आणि मी तो लहान केला नाही. "नाही म्हणालीस तरी चालेल. मला चाळीस नको होते, मी नुसती बोलत होते. दम लागला तर नऊ लिही. कुणी रागावणार नाही. मी नाही रागावणार."